माटुंग्याच्या वर्कशॉपमधला कवी : शैलेंद्र आणि त्याची ‘तीसरी क़सम’

(भागाचं शब्दांकन. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त तीच ती वाक्यं काढून टाकली आहेत.)



माटुंग्याला रेल्वेचं एक जुनं, अवाढव्य वर्कशॉप आहे. तिथे गाडीचे डबे दुरुस्त होतात. १९१५ पासून ते चालू आहे, म्हणजे तेव्हा ती जी.आय.पी. रेल्वे होती. मुंबईत राहणाऱ्या बहुतेकांना त्याचं नाव माहीत असतं, आत कोणी गेलेलं नसतं. चाळीसच्या दशकात त्या वर्कशॉपमध्ये एक तरुण अप्रेंटिस म्हणून काम करायचा. दिवसभर लोखंड, ठिणग्या, भोंगा. संध्याकाळी कविता. त्याचं नाव शंकरदास केसरीलाल. कवितेखाली सही करायचा ‘शैलेंद्र’.

आज त्याच्याबद्दल बोलू. मी त्याला एकेरीत हाक मारतोय, ते समजून घ्या. आपण लताला ‘लता गाते’ म्हणतो ना, तसंच. ज्यांची गाणी घरात वाजत राहिली त्यांना अहो-जाहो करायला जीभ वळत नाही.

आधी थोडी कुंडली. जन्म ३० ऑगस्ट १९२३, रावळपिंडी. घराणं मूळचं बिहारमधल्या आरा भागातलं. पुढे कुटुंब मथुरेला आलं, शाळा-कॉलेज तिथेच. घर दलित समाजातलं. ही गोष्ट कित्येक वर्षं फारशी कुणी उच्चारली नाही. त्याच्या कवितांचा ‘अंदर की आग’ हा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर खूप वर्षांनी आला, तेव्हा कुठे त्यावर उघड चर्चा झाली, वादही झाला. ‘कवीची जात कशाला काढता’ असं म्हणणारे काही, आणि ‘इतकी वर्षं लपली कशी’ असं विचारणारे काही. मला विचाराल तर दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण याच माणसाच्या गाण्यांमध्ये ज्यांच्याकडे कोणी वळून बघत नाही त्यांना सतत बोलायला मिळतं. बूट पॉलिश करणारी पोरं, रिक्षा ओढणारा शेतकरी, तुरुंगातल्या बायका, गाडीवान. हे सगळं नुसतं पुस्तकातून आलं असेल असं मला वाटत नाही.

तर मथुरेहून हा मुंबईत आला, रेल्वेत लागला, आणि इथल्या हवेत शिरला. ती हवा कशी होती? आपल्याला तिचा मराठी भाग ठाऊक आहे. १९४३ साली मुंबईत ‘इप्टा’ सुरू झाली होती. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. गिरणगावात डफ वाजत होता, पोवाडे गात होते, लोक हजारोंनी ऐकत होते. शैलेंद्र त्याच चळवळीच्या हिंदी बाजूला होता. मोर्चात, कामगारांच्या सभेत कविता म्हणायचा. अत्याचाराला आमचं उत्तर संप, अशा अर्थाची जी हिंदी घोषणा आजही महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोर्चात तुम्हाला ऐकू येते, ती त्याची. देणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यालाही बहुतेक वेळा माहीत नसतं की ही कुणा कवीची ओळ आहे. गीतकाराला याहून मोठी पावती काय मिळणार, मला तरी सुचत नाही.

आता ती प्रसिद्ध गोष्ट. तुम्ही ऐकली असेल, तरी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

१९४७. फाळणीच्या दंगली. इप्टाच्या कार्यक्रमात शैलेंद्रनं जळणाऱ्या पंजाबवरची कविता म्हटली. ऐकणाऱ्यांमध्ये राज कपूर बसलेला होता. वय तेविशीच्या आत, पहिला चित्रपट ‘आग’ बनवत होता. त्याचं घराणं पेशावरचं, आणि हा रावळपिंडीत जन्मलेला. त्या कवितेतली आग दोघांच्याही दारातली होती. राज कपूर कार्यक्रम संपल्यावर जाऊन म्हणाला, माझ्या चित्रपटासाठी लिहा. शैलेंद्रनं सरळ नाही म्हटलं. कविता विकायची नाही, असा त्या नकाराचा सूर. चोविशीतला, चळवळीतला माणूस. दुसरं काय म्हणणार?

मग लग्न झालेलं, घरात बाळ येणार, रेल्वेचा पगार पुरेना. तो स्वतःच राज कपूरकडे गेला आणि पाचशे रुपये उसने मागितले. राज कपूरनं दिले. काही दिवसांनी पैसे जमवून परत करायला गेला, तर तो घेईना. म्हणाला, ‘बरसात’मधली दोन गाणी राहिलीत, तेवढी लिहून दे. त्यानं लिहिली. १९४९ साली ‘बरसात’ आला आणि तुफान चालला.

ही गोष्ट नेहमी राज कपूरच्या दिलदारपणाची म्हणून सांगतात. तो दिलदार होताच. पण मला यात शैलेंद्रचं परत जाणं जास्त दिसतं. उसने पैसे फेडायला गेलेला माणूस आहे हा. उधारीबद्दल ज्याला इतकी टोचणी, त्याच्या आयुष्याचा शेवट कर्जात व्हावा, हे पुढे येणारच आहे.

‘बरसात’ची टोळी बघा जरा. शंकर आणि जयकिशन हे दोघं पृथ्वी थिएटरमध्ये तबला-पेटी वाजवणारे. दुसरा गीतकार हसरत जयपुरी, तो मुंबईत बस कंडक्टर होता. आणि हा रेल्वे वर्कशॉपमधला. म्हणजे ज्या संगीतावर पुढची वीस वर्षं देश डोलला, ते बनवणारी माणसं तिकिटं फाडत होती आणि डबे दुरुस्त करत होती. मुंबईनं त्या काळात जे काही दिलं त्यात हेही धरायला हवं.

पुढचा प्रवास भरभर सांगतो, कारण तो सगळ्यांना माहीत आहे. १९५१ चा ‘आवारा’, जो १९५४ मध्ये सोव्हिएत रशियात लागला आणि तिथल्या लोकांनी शैलेंद्रचं शीर्षकगीत अर्थ न कळता पाठ केलं. १९५३ चा ‘दो बीघा ज़मीन’. १९५४ चा ‘बूट पॉलिश’, ज्यातल्या एका गाण्यात तो स्वतः पडद्यावर दिसतो, बघा कधीतरी. १९५५ चा ‘श्री ४२०’. १९५८ चा ‘मधुमती’. गीतकाराला द्यायचा फिल्मफेअर पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिला यालाच मिळाला, ‘यहूदी’साठी. बिहारकडची बोली तर घरचीच. १९६३ मध्ये पहिला भोजपुरी चित्रपट आला, ‘गंगा मैया तोहे पियरी चढ़इबो’, त्याची गाणीही शैलेंद्रची.

थांबायचंय ते त्याच्या लिहिण्याच्या पद्धतीपाशी.

‘श्री ४२०’मधलं पावसातलं, छत्रीतलं ते द्वंद्वगीत. त्यात दहा दिशांचा उल्लेख येतो. जयकिशननं हरकत घेतली. लोकांना चार दिशा माहीत असतात, दहा कोणाला कळणार? व्यवहाराच्या दृष्टीनं हरकत चुकीची नव्हती. शैलेंद्र अडून बसला. लोकांची आवड उथळ आहे असं गृहीत धरून आपण उथळ लिहायचं, हे त्याला मान्य नव्हतं. ऐकणाऱ्याला थोडं वर आणणं हे कलावंताचं कामच आहे, असं त्याचं म्हणणं. शब्द तसाच राहिला. आणि गंमत बघा, त्या गाण्यात कोणीही अडखळत नाही. दहा दिशा कोणत्या हे मोजायला कोण थांबतं? पण ऐकताना जग एकदम मोठं होतं, आणि ती दोघं एका छत्रीखाली लहान होतात.

हा माणूस सोपं लिहायचा असं सगळे म्हणतात. सोपं म्हणजे काय, ते मात्र नीट बघायला हवं. त्याच साली, १९५५ मध्ये, इकडे पुणे आकाशवाणीवर गदिमांचं गीतरामायण सुरू होतं, आठवड्याला एक गाणं. गदिमांचंही तेच. शब्द घरातले, वापरून गुळगुळीत झालेले, पण ते अशा जागी ठेवलेले की तुम्ही दचकता. शैलेंद्रकडे संस्कृतचा साज गदिमांपेक्षा कमी आणि लोकगीताचा अंश जास्त, एवढाच फरक.

आणि लोकगीताचं म्हणाल तर ‘बंदिनी’. १९६३, बिमल रॉय, संगीत सचिनदेव बर्मन. तुरुंग आहे. बायका कैदी जात्यावर दळतायत. त्यातली एक गाते, आवाज आशा भोसलेंचा. श्रावण आलाय, बापानं भावाला पाठवावं, मला माहेरी न्यावं, अशी त्या गाण्याची मागणी. आता हे आपल्याला समजवायची गरजच नाही. जातं, दळण, श्रावण, माहेर, भाऊ. आपल्या आज्या-पणज्यांनी पहाटे जात्यावर गायलेल्या ओव्यांचा सगळा ऐवज हाच आहे. फरक एवढाच की ही बाई तुरुंगात आहे. तिला न्यायला कोणी येणार नाही, हे तिला माहीत आहे, आजूबाजूच्यांना माहीत आहे, आपल्यालाही माहीत आहे. गाण्यात ते कुठेही सांगितलेलं नाही. तुरुंग हा शब्दसुद्धा त्याला लागला नाही. सासुरवाशिणीचं जुनं गाणं त्यानं जसंच्या तसं उचलून कोठडीत ठेवलं, बस. मी हे गाणं कितीही वेळा ऐकलं तरी मधे बोलू शकत नाही.

याच ‘बंदिनी’च्या वेळी शैलेंद्र आणि बर्मनदादांचं काहीतरी बिनसलं होतं. तेव्हा मोटार गॅरेजमध्ये काम करणारा एक तरुण कवी चित्रपटात लिहायला तयार नव्हता. शैलेंद्रनं त्याला दटावून बिमलदांकडे पाठवलं. तो तरुण म्हणजे गुलज़ार, आणि त्याचं पहिलं गाणं याच चित्रपटात आलं. पुढे दादांशी समेट झाला आणि उरलेली गाणी शैलेंद्रनंच लिहिली. मनात आलं असतं तर तो गप्प बसू शकला असता. एक गाणं तर एक गाणं, आपली जागा दुसऱ्याला दाखवायची, हे या धंद्यात रोज घडत नाही.

आणखी एक किस्सा सांगतात. शंकर-जयकिशननं त्याच्याबद्दल कुठेतरी शब्द टाकायचं कबूल केलं होतं आणि ते विसरले. तो भांडला नाही. चिठ्ठी पाठवली. जग लहान आहे, आपण पुन्हा भेटणारच आहोत, असा काहीसा मजकूर. दोघं वरमले, आणि त्या चिठ्ठीचंच पुढे ‘रंगोली’त गाणं झालं. ऐकायला गोड आहे किस्सा. पण त्यातून एक स्वभाव कळतो. राग आला की हा माणूस तो आत घ्यायचा आणि गाण्यात काढायचा. समोरच्याला थेट बोलणं त्याला जमायचं नाही असं दिसतं. आणि सगळं काही गाण्यात काढता येतंच असं नाही.

इथून आपण ‘तीसरी क़सम’कडे येतो.

फणीश्वरनाथ रेणू यांची एक कथा आहे, ‘मारे गये गुलफ़ाम’. १९५९ च्या ‘ठुमरी’ या संग्रहात आहे ती. पूर्णियाकडचा एक गाडीवान, हीरामन. बैलगाडी हाकतो. त्यानं दोन शपथा घेतल्यात. एक, काळ्या बाजाराचा माल गाडीत घालायचा नाही. दुसरी, बांबू लादायचे नाहीत. कारण दोन्हीवेळा तो गोत्यात आलाय. मग एकदा त्याच्या गाडीत नौटंकीतली बाई बसते, हीराबाई. जत्रेपर्यंत पोचवायचंय. वाटेत तो तिला देवीसारखी मानायला लागतो. ती त्याच्या भोळेपणात गुंतते. पण तिला कळतं की याच्या डोळ्यांतली ती आणि तंबूतली ती यांचं जमायचं नाही. स्टेशनवर ती त्याचे पैसे परत करते, गाडीत बसून निघून जाते. हीरामन तिसरी शपथ घेतो, पुन्हा नौटंकीतली बाई गाडीत बसवायची नाही. संपली गोष्ट.

तमाशावर इतक्या गोष्टी सांगणाऱ्या आपल्या मराठीला ही कथा लगेच जवळची वाटते. शैलेंद्रला ती इतकी लागली की त्यानं ठरवलं, यावर चित्रपट करायचा, आणि निर्माता आपणच व्हायचं. निर्मितीचं ‘नि’ माहीत नसताना. माणसं मात्र कशी गोळा केली बघा. दिग्दर्शक बासू भट्टाचार्य, बिमल रॉयच्या हाताखाली तयार झालेला. कॅमेऱ्यावर सुब्रत मित्रा, सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ टिपणारा. संवाद खुद्द रेणूंचे. पटकथा नबेंदू घोष. वहीदा रहमान हीराबाई. आणि हीरामन, राज कपूर. मैत्रीखातर राज कपूरनं मानधन म्हणून एक रुपया घेतला, असं सांगतात.

हे सगळं एक-दोन वर्षांत उरकेल असा अंदाज होता. लागली पाच-सहा वर्षं. तारखा, पैसे, खोळंबा. खर्च वाढत गेला, कर्ज वाढत गेलं. मधल्या काळात जग बदललं. १९६४ मध्ये याच राज कपूरचा ‘संगम’ आला, रंगीत, युरोपात चित्रित केलेला. त्यातही शैलेंद्रची गाणी होती. प्रेक्षकांना आता राज कपूर पॅरिसमध्ये हवा होता, आणि इकडे त्याचा निर्माता-मित्र त्याला धोतर नेसवून, काळ्या-पांढऱ्यात, बैलगाडीवर बसवून होता. वितरक म्हणाले, निदान शेवट तरी बदला. दोघांचं जुळवा, चित्रपट चालेल. शैलेंद्र नाही म्हणाला. रेणूही नाही म्हणाले. जुळवलं तर शपथ कसली आणि कथा कसली?

मला इथे ती दहा दिशांची गोष्ट आठवते. तोच हट्ट. फक्त तेव्हा पणाला एक शब्द होता, आता घर होतं.

१९६६ मध्ये चित्रपट लागला आणि लगेच उतरला. शैलेंद्र तोवर पुरता खचला होता. त्याच्या घरच्यांनी नंतर मुलाखतींत सांगितलं की पैसा गेल्याचं त्याला तेवढं नव्हतं, माणसं फिरली त्याचं होतं. कोण फिरलं, किती फिरलं, यावर बरंच लिहिलं गेलंय. नावं घ्यायचा मोह होतो, पण ते सगळं एका बाजूचं ऐकलेलं आहे, म्हणून सोडतो.

‘तीसरी क़सम’नं शैलेंद्रचा जीव घेतला, हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं जातं की ते आता त्याचं चरित्रच झालंय. मला ते अर्धवट वाटतं. दारू होती. सिगारेट होती. यकृत गेलं होतं. आणि आजचा काळ असता तर ज्याला आपण डिप्रेशन म्हणून ओळखलं असतं, त्यासाठी तेव्हा ना शब्द होता ना डॉक्टरकडे जायची रीत. ‘कवी आहे, हळवा आहे’ एवढ्यावर सगळे थांबायचे. सहानुभूती वाटायची सगळ्यांना. पेला कोणी काढून घेत नव्हतं.

आणि एक चूक आपण श्रोते पण करतो. याच काळात त्यानं ‘गाइड’ लिहिला, १९६५ चा. त्यात फसवणुकीची, भ्रमनिरासाची गाणी आहेत, आणि सुरुवातीला बर्मनदादांच्या आवाजातलं ते वाटसरूचं गाणं. लगेच लोक म्हणतात, बघा, स्वतःचं दुःख लिहिलंय. पण त्याच ‘गाइड’मध्ये वहीदा सगळे पाश तोडून, हसत, उघड्या ट्रकवर बसून गाते, तेही त्याचंच ना? लताच्या आवाजातलं ते गाणं एका बाईच्या सुटकेचं आहे, आणि ते कर्जात बुडालेल्या माणसानं लिहिलंय. तो कारागीर होता. पात्राला काय वाटतंय ते लिहायचा. स्वतःचं थोडं झिरपत असेल, नाही असं नाही. पण प्रत्येक उदास गाण्याला वैद्यकीय रिपोर्ट समजणं हा त्याच्या कामावर अन्याय आहे.

‘तीसरी क़सम’ची गाणीच घ्या. सगळी त्याची नाहीत, हेही सांगायला हवं. दोन हसरतची आहेत, आणि त्यातलं एक लोक हमखास शैलेंद्रच्या नावावर टाकतात. निर्माता स्वतः गीतकार असताना त्यानं मित्राला जागा ठेवली. मुकेशच्या आवाजातलं बैलगाडीवरचं ते गाणं मात्र शैलेंद्रचं. गाडीवान बैल हाकता हाकता मरणानंतरच्या हिशोबाबद्दल बोलतो, कुठलाही गंभीर चेहरा न करता. कबीराचा वारसा आहे तो. आपल्याकडे कीर्तनातून, भारुडातून आला, तिकडे निर्गुणी भजनांतून. आणि त्याच चित्रपटात आशाचं पान खाणाऱ्या सजणाचं ठसकेबाज नौटंकीगीत, आणि मन्ना डेंच्या आवाजात गावातल्या मंडळींचं ढोलकीवरचं गाणं. तीन वेगळ्या जगांतली तीन गाणी. खचलेल्या माणसाची म्हणून ऐकलीत तर ठसका कुठे बसवणार?

१४ डिसेंबर १९६६ ला शैलेंद्र मुंबईत गेला. वय त्रेचाळीस. त्या दिवशी राज कपूरचा वाढदिवस होता. ‘मेरा नाम जोकर’साठी एक गाणं चालू होतं, ते अर्धंच राहिलं. जगणं आणि मरणं दोन्ही इथेच, असा त्याचा आशय. पुढे त्याच्या मुलानं, शैलीनं, ते पूर्ण केलं. १९७० मध्ये चित्रपट आला, तोही पडला, आणि राज कपूरही कर्जात गेला. ‘ब्रह्मचारी’मधल्या अंगाईगीतासाठी शैलेंद्रला तिसरा फिल्मफेअर मिळाला, तेव्हा तो घ्यायला तो नव्हता.

आणि ‘तीसरी क़सम’ला १९६६ चा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. शेवट न बदलता.

चित्रपट पाहिला नसेल तर जरूर पाहा. घाई करू नका, त्याची चाल बैलगाडीचीच आहे. शेवटी स्टेशनवर आगगाडी निघते तेव्हा हीरामनच्या चेहऱ्याकडे बघा, आणि मग तो बैलांवर हात उगारतो तिकडे. त्या प्रसंगासाठी एका माणसानं काय काय नाकारलं, ते आता तुम्हाला माहीत आहे.

पुढच्या भागात भेटू. तोवर ‘बंदिनी’तलं ते जात्यावरचं गाणं घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला ऐकवा, आणि तिला कोणती ओवी आठवली ते आम्हाला कळवा.